चार सिलिंडर, तीन नळ्या

प्रश्न : माझे मामा इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी 1967 सालची एमजीबी घेतली. दोघांनी बसायची, कापडी टपाची जुनी स्पोर्ट्स कार. तिच्या इंजिनाला धूर गोळा करून बाहेर नेणारा मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड आहे. तो काढून मामा आता स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचा नवा मॅनिफोल्ड बसवणार आहेत. गाडीत जीव येईल, असं ते म्हणतात. दोन्हींचे फोटो त्यांनी मला पाठवले, पण दोन गोष्टी काही केल्या कळेनात. धूर बाहेर जायची वाट लांब आणि वळणावळणाची केली, तर ताकद वाढेल कशी? कमीच व्हायला हवी ना? आणि इंजिन चार सिलिंडरचं असताना नळ्या तीनच का? मामांना विचारलं तर म्हणाले, ‘तशाच असतात.’ आपण समजावून सांगाल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

एमजीबी 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. इंजिन 1798 सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं. या घराण्याची खूण म्हणजे इंजिनाचं हेड. इंधनमिश्रण आत जाण्याच्या वाटा आणि जळलेला वायू बाहेर पडण्याच्या वाटा दोन्ही हेडच्या एकाच बाजूला आहेत. व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉडही त्याच बाजूने वर येतात. पाण्याच्या वाटा आणि हेडचे स्टडही तिथेच दाटीवाटीने बसवायचे. चार आत, चार बाहेर अशा आठ स्वतंत्र वाटांना जागाच उरत नाही. म्हणून शेजाऱ्यांना सामायिक दार दिलं. आत यायला दोन दारं : एक पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरचं, एक तिसऱ्या-चौथ्याचं. बाहेर जायला तीन : पहिल्याचं वेगळं, चौथ्याचं वेगळं आणि मधल्या दोघांचं मिळून एक. दारं तीन म्हणून नळ्या तीन. मामा म्हणाले ते खरंच आहे, फक्त त्यामागे एवढं कारण आहे.

हे हेड तुमच्याही ओळखीचं असणार. आपल्या अँबेसेडरला अनेक वर्षं जे 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याच बी-सिरीजचं. म्हणजे इंग्लंडमधली ती छोटी लाल-हिरवी स्पोर्ट्स कार आणि आपल्याकडे एके काळी लाल दिवा लावून सर्किट हाउसच्या दारात उभी असायची ती पांढरी अँबेसेडर यांची इंजिनं एकाच घरातली. जुन्या अँबेसेडरचं बॉनेट उघडून कार्बोरेटरच्या खाली पाहिलंत, तर बाहेर जायची तीनच दारं दिसतील.

आता मधल्या दाराकडे जरा नीट पाहू. दोन सिलिंडर एकच दार वापरतात, मग एकमेकांच्या वाटेत येत नाहीत का? येत नाहीत, कारण त्यांच्या पाळ्या लांब आहेत. या इंजिनात ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असा आहे. चारही सिलिंडरची एक फेरी पुरी व्हायला क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो. या क्रमात तिसऱ्यानंतर दुसऱ्याची पाळी येते ती बरोबर क्रँकशाफ्टच्या एका पूर्ण फेऱ्याने. पहिला आणि चौथा यांच्यातही तेवढंच अंतर. मधलं दार मधल्या दोघांना समान अंतराने मिळतं आणि कोणी कोणाच्या तोंडावर धूर सोडत नाही. त्या दाराचा त्रास वेगळाच आहे. त्याला विश्रांती कमी आणि उष्णता दुप्पट. या इंजिनांच्या हेडला तडा गेला, तर तो बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींमध्येच सापडतो. मामा मॅनिफोल्ड काढणारच आहेत, तर त्या मधल्या दारात टॉर्च मारून एकदा बघून घ्या म्हणावं.

तुमचा पहिला प्रश्न मला फार आवडला, कारण शंका अगदी रास्त आहे. धूर म्हणजे सांडपाणी, नळी म्हणजे गटार, आणि गटार जितकं रुंद नि आखूड तितकं बरं, असंच कोणालाही वाटेल. बुलेटचा सायलेन्सर काढून टाकणाऱ्या मुलांचाही हाच समज असतो. पण जळलेला वायू पाण्यासारखा सलग वाहत नाही. तो धक्क्याधक्क्याने येतो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, तेव्हा पिस्टन अजून खालीच चाललेला असतो. एमजीबीच्या मूळच्या कॅमशाफ्टवर तो पिस्टनने तळ गाठायच्या 51 अंश आधी (क्रँकशाफ्टच्या फेऱ्याच्या अंशांत) उघडतो. त्या वेळी सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. व्हॉल्व्हने किलकिला डोळा उघडला रे उघडला की दाबाची लाट नळीत शिरते. वायू मागून येतो, लाट पुढे धावते. कढत वायूत तिचा वेग सेकंदाला साधारण 550 मीटर, म्हणजे बाहेरच्या हवेतल्या आवाजापेक्षा बराच जास्त. ही लाट नळीच्या टोकाला पोचते आणि नळी एकदम मोठ्या जागेत उघडते, तेव्हा काय होतं, त्यात सगळी गंमत आहे.

पुण्यातली विसर्जनाची मिरवणूक डोळ्यांपुढे आणा. लक्ष्मी रस्त्यावर माणसांत माणूस अडकलेला. पुढचं पथक अलका टॉकीजच्या चौकात पोचतं आणि जागा मिळताच भराभर पसरतं. त्याच्या मागच्यांना अचानक पुढे मोकळं मिळतं, ते चार पावलं झपाट्याने टाकतात. मग त्यांच्या मागचे. मग त्यांच्याही मागचे. माणसं पुढे चालली आहेत, पण मोकळीक मात्र उलटी, मागे मागे सरकत जाते, आणि थोड्या वेळाने पार मागे अडकलेल्यालाही कळतं, चला, वाट झाली. नळीतही असंच होतं. दाबाची लाट उघड्या टोकाला पोचली की तिथून विरळ दाबाची लाट परत फिरते आणि उलट्या दिशेने व्हॉल्व्हपर्यंत येते. ती पोचते त्या क्षणी व्हॉल्व्ह उघडा असेल, तर ती सिलिंडरच्या कानाकोपऱ्यातला उरलेला धूर ओढून घेते.

यात आणखी एक संधी आहे. पिस्टन वर पोचतो, त्या सुमारास इनलेट आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकाच वेळी उघडे असतात. एमजीबीत इनलेट 16 अंश आधी उघडतो आणि एक्झॉस्ट 21 अंश नंतर मिटतो, म्हणजे दोघांची गाठ 37 अंशांची. विरळ लाट त्याच वेळात आली, तर बाहेर जाणाऱ्या धुरामागोमाग ताजं मिश्रण आत खेचलं जातं. पिस्टनने खाली ओढायच्या आधीच सिलिंडर भरायला लागतो. इंधनात एका थेंबाचाही किंवा ठिणगीत काही फरक न करता हे घडतं, आणि मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

म्हणून लांबी महत्त्वाची. 80 सेंटिमीटर लांबीची नळी धरा. लाटेला जाऊन-येऊन 1.6 मीटर पडतात, म्हणजे सुमारे 3 मिलिसेकंद. मिनिटाला 5000 फेऱ्यांवर क्रँकशाफ्टचा एक फेरा 12 मिलिसेकंदांत होतो, तेव्हा लाट परत येईपर्यंत तो पाव फेरा फिरलेला असतो. 2500 फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात तो फक्त अष्टमांश फेरा फिरतो. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असण्याचा तो 37 अंशांचा काळ 5000 फेऱ्यांवर सव्वा मिलिसेकंदाइतकाच टिकतो. प्रत्यक्षात नळीत अशा कित्येक लाटा ये-जा करत असतात, त्यामुळे हिशेब एवढा सरळ नसतो. पण मूळ गोष्ट हीच : नळीच्या लांबीने लाटेची वेळ ठरते, आणि ती वेळ इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच जुळते. आखूड नळी वरच्या फेऱ्यांना साथ देते, लांब नळी खालच्या. सगळीकडे सारखी मदत करणारी नळी नाही. ‘जोर वाढतो’ असं कोणी सांगितलं, तर ‘किती फेऱ्यांवर?’ हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा.

रुंदीचंही तसंच. नळी गरजेपेक्षा जाड घेतली की वायू आत शिरल्यावर मंदावतो. वेगात धावणारा वायू आपल्यामागे ओढ निर्माण करतो, तीही मग कमी होते, आणि चढावर गाडीला दम लागतो.

आता वळणं. फोटोत तीन नळ्या एकत्र येतात, त्याआधी बाहेरच्या दोन आपसात मिळतात आणि मधली तशीच खाली जाते. पहिला आणि चौथा एका जोडीत, मधले दोघे दुसऱ्या जोडीत, आणि मग दोन्ही जोड्या मिळून एक नळी. प्रत्येक जोडीत धक्के एका पूर्ण फेऱ्याच्या अंतराने येतात, हे वर आलंच. वळणं कारागिराच्या हौसेने आलेली नाहीत. प्रत्येक दाराला नेमून दिलेली लांबी त्या अरुंद जागेत बसवण्यासाठी ती आली आहेत. या विचाराचं सगळ्यात देखणं रूप फोर्डच्या जीटी40 शर्यतगाडीत पाहायला मिळतं. 1966 साली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने जिंकली. तिचं इंजिन व्ही-8. त्यात एकाच बाजूच्या चार सिलिंडरचे धक्के समान अंतराने पडत नाहीत. ते समान करण्यासाठी या बाजूच्या दोन नळ्या त्या बाजूला आणि त्या बाजूच्या दोन या बाजूला नेल्या. इंजिनाच्या पाठीवर सापांचा गुंता बसलाय असं वाटतं, आणि इंग्रजीत त्याला नावही सापांच्या जुडग्याचंच मिळालं.

एवढं सगळं सांगितल्यावर मामांना मात्र एक गोष्ट कळकळीने सांगाविशी वाटते. एमजीबीचा बिडाचा मॅनिफोल्ड वाईट नाही. बिडाचा म्हटलं की ओबडधोबड ठोकळा डोळ्यांसमोर येतो, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण या मॅनिफोल्डला खाली दोन तोंडं आहेत. एकातून पहिल्या-चौथ्याचा वायू येतो, दुसऱ्यातून मधल्या दोघांचा, आणि त्या दोन नळ्या पुढे जाऊन एकत्र मिळतात. नळ्यांचा नवा मॅनिफोल्ड जे करू पाहतो, तेच हा बऱ्याच अंशी आधीपासून करतो आहे. अ‍ॅबिंग्डनची ही माणसं शर्यतीत मुरलेली होती. त्यामुळे बाकी इंजिन मूळचंच ठेवून फक्त मॅनिफोल्ड बदलला, तर फरक थोडाच पडेल. हेडच्या वाटा घासून मोकळ्या केल्या, कॅमशाफ्ट बदलला, तर मग नळ्यांची खरी गरज लागते. अमेरिकेत 1975 पासून गेलेल्या एमजीबीची गोष्ट वेगळी. प्रदूषणाच्या नियमांसाठी त्यांचे दोन एसयू कार्बोरेटर काढून एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग बसवला, मॅनिफोल्डही बदलला, आणि सुरुवातीची 95 अश्वशक्ती साठीच्या घरात आली. अशा गाडीला दोन कार्बोरेटर आणि नळ्यांचा मॅनिफोल्ड दिला, तर बदल लगेच कळतो. मामांची गाडी 1967 ची आहे. तिचं काही हरवलेलंच नाही.

तरीही ते बसवणार असतील, तर खुशाल बसवू देत. वजन कमी होतं, आवाज मोकळा होतो आणि स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचं समाधान मिळतं. फक्त घाई नको.

घाईचं मला माहीत आहे. कॉलेज संपल्यावर एका नातेवाइकांच्या अँबेसेडरचा मॅनिफोल्ड मी स्वतः काढायला घेतला होता. एक नट हलेना, म्हणून पान्यावर पाइप चढवून जोर दिला. नट सुटल्यासारखा वाटला आणि हातात आला तो स्टडचा अर्धा तुकडा. उरलेला अर्धा हेडमध्येच राहिला. पुढे हेड उतरवणं, ड्रिल मारणं, आटे नव्याने पाडणं यात दोन आठवडे गेले, आणि त्या माणसाला गाडीविना कामावर जावं लागलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून मामांना सांगा : गंज सोडवणारं तेल चार-पाच दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ नटांवर सोडा. इंजिन गरम करा, थंड होऊ द्या, पुन्हा तेल. नट आधी किंचित घट्ट करायचा, मग सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. नट किरकिरला तर थांबायचं. नवे नट पितळेचे घ्यायचे, म्हणजे पुढच्या माणसाला हा त्रास नको.

बसवताना या गाडीची एक अडचण हमखास येते. इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोन्ही त्याच स्टडवर, जाड मोठ्या वायसरनी धरलेले असतात. एकाच वायसरची एक कड इनलेटच्या फ्लँजवर, दुसरी कड एक्झॉस्टच्या फ्लँजवर. नव्या मॅनिफोल्डची फ्लँज मूळच्यापेक्षा पातळ किंवा जाड निघाली की वायसर तिरका बसतो, नट आवळला तरी एकच बाजू दाबली जाते, दुसरी सैल राहते. म्हणून आधी व्हर्नियरने दोन्ही फ्लँजची जाडी मोजायची. फरक असेल तर वायसरची एक बाजू लेथवर तेवढी उतरवून घ्यायची. काम पंधरा मिनिटांचं आहे, पण ते न केल्यामुळेच ‘नवा मॅनिफोल्ड गळतो’ अशी तक्रार होते. गळती ओळखायची खूणही सोपी आहे : थंड इंजिन सुरू केलं की टिकटिक ऐकू येते आणि उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. मघाची विरळ लाट आठवा. ती धूर ओढते, तशीच फटीतून बाहेरची हवाही ओढते. त्या हवेने न जळलेलं इंधन नळीतच पेट घेतं.

दुसरी काळजी उष्णतेची. बिडाची भिंत जाड असते, नळीची पातळ, आणि पातळ नळी बॉनेटखाली जास्त आग ओकते. आणि कार्बोरेटर नेमके तिच्या डोक्यावर. उन्हाळ्यात सिग्नलला गाडी थांबली की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळायला लागतं आणि गाडी पुन्हा सुरू होताना नखरे करते. मूळचा पत्र्याचा उष्णतारोधक पडदा काही झालं तरी काढायचा नाही. नळ्यांवर सिरॅमिकचा लेप देऊन घेता आला तर उत्तम. नळ्यांना पट्टी गुंडाळायची पद्धत मला पसंत नाही. इंग्लंडच्या ओल्या हवेत पट्टी पाणी धरून ठेवते आणि साध्या पोलादाची नळी आतल्या आत गंजते. मामांची स्टेनलेसची आहे, तेवढी भीती नाही. पण स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादापेक्षा साधारण दीडपट प्रसरण पावतं, म्हणून तिला हलायला जागा लागते. इंजिन रबराच्या पायांवर डुलतं, सायलेन्सरही रबरातच टांगलेला हवा. मध्ये कुठेही कडक पकड बसली की काही महिन्यांत वेल्डिंगला तडा जातो. नळ्या एकत्र येतात तो भाग जमिनीपासून किती वर राहतो, तेही गतिरोधकावर जाण्याआधी पाहून घ्यावं. मामांची गाडी उजव्या स्टिअरिंगची असणार, तर नळ्यांना डावीकडे ऐसपैस जागा आहे. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत मात्र स्टिअरिंगचा दांडा नळ्यांना चाटून जातो.

शेवटी कार्बोरेटर. वायू मोकळा झाला की मिश्रण पातळ पडू शकतं. एसयूमध्ये त्यासाठी सुई बदलावी लागते. नुसत्या कानाने ठरवू नका, रोलिंग रोडवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवणाऱ्या यंत्रावर, गाडी चालवून मिश्रण मोजून घ्या. पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापून थंड झालं की सगळे नट पुन्हा एकदा आवळायचे, आणि शंभरेक मैलांनी आणखी एकदा.

आपल्याकडे जुन्या गाड्या बाळगणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. 2021 पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. गाडीतल्या फेरफारांविषयीचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वेगळंच. म्हणून इथे असं काही करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

आणि मामांना सांगा, काढलेला बिडाचा मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका. गंज घासून, तेलाचा हात फिरवून, जाड कागदात गुंडाळून गॅरेजच्या फळीवर ठेवा. त्याचे जुने वायसरही त्याच पिशवीत, कारण त्यांची जाडी त्या मॅनिफोल्डच्या मापाची आहे.